एकट्याच्या हाताचं काम

आमचा अर्विनदादा नम्र आहे असं तुम्हाला कुणी सांगितलं, तर खुशाल समजा की तो माणूस पठारावरच्या आमच्या होटविला गावात कधी आलेलाच नाही. मी त्याची सख्खी बहीण, बर्निटा, बारा वर्षांनी धाकटी. मला विचारा. दादाच्या मक्याची कणसं गावात सगळ्यांत लांब, कारण ती दादाची. त्याचा जुनाट ट्रक पठाराच्या चढावर कधी बंद पडत नाही, कारण तो दादाचा ट्रक. सत्तावीस वर्षं त्याने शाळेची बस चालवली आणि एक दिवस उशीर केला नाही, हे तो कुणीही न विचारता सांगतो. आणि तिहू कोरण्यात आमच्या लोकांच्या तिन्ही पठारांवर त्याचा हात धरणारा कुणी नाही. हे मात्र तो सांगत नाही. हे त्याला सांगताच येत नाही, आणि सगळी गोष्ट तिथेच आहे.

तिहू म्हणजे कॉटनवुड झाडाच्या मुळातून कोरून रंगवलेली वीतभर मूर्ती, कात्सिनांची, म्हणजे आमच्या पूज्य आत्म्यांची. कात्सिना हिवाळ्यात पश्चिमेच्या बर्फाच्या शिखरांवरून येतात, आमच्यात राहतात, शेतांवर पाऊस आणतात आणि जुलैत निरोपाचा नाच झाला की परत जातात. जाताना लहान मुलींच्या हातात तिहू ठेवून जातात. ते देतात. ही अमक्याने केली, असं त्या दिवशी कुणी म्हणत नाही, आणि पुढेही नाही. मुलं मोठी होतात, जे कळायचं ते त्यांना रीतीने कळतं, तरीही कुणी म्हणत नाही. हे वाचणारी सगळी मोठी माणसं आहेत असं धरून मी लिहितेय. एखादं पोर खांद्यावरून डोकावत असेल तर त्याला आधी पाणी आणायला पाठवा.

लग्न झाल्यावर दादा रीतीप्रमाणे इडा वहिनीच्या घरी राहायला गेला. पण कोरायला तो आमच्या आईच्याच घरी यायचा, म्हणजे आता माझ्या. मागची खोली, दाराला आतून कडी. पूर येऊन गेला की ओढ्यांच्या पात्रातून मैलोन् मैल चालून वाहून आलेली मुळं शोधायची, ती दोन दोन वर्षं वाळवायची. हत्यारं म्हणाल तर एक करवत, एक खिशातला चाकू आणि घासायला वाळूच्या दगडाचे तुकडे. वर पांढऱ्या मातीचा हात, मग रंग. रंग सगळे दगडामातीचे. पिवळी माती कुठे मिळते ते त्याने मलासुद्धा सांगितलेलं नाही. सांगितलं तर मी ती जागा साऱ्या गावाला दाखवीन म्हणतो. पुढे जे झालं ते बघता त्याचं बरोबरच होतं म्हणायचं.

मी पाच वर्षांची असताना मला मिळालेली तिहू अजून आमच्या भिंतीवर दोऱ्याने टांगलेली आहे. तिचा एक कान मी चावून खाल्लाय. त्या साली दादा सतरा वर्षांचा होता. बाकी मला कुणी सांगितलं नाही, माझं मला कळलं. त्याच्या प्रत्येक तिहूची मान किंचित कललेली असते, कुणाचं तरी ऐकत असल्यासारखी. ती मान दुसऱ्या कुणाला साधत नाही. एकदा मी न राहवून विचारलं होतं, "दादा, ही मान कशी रे करतोस?"

"मी नाही करत," तो म्हणाला. "सुरुवातीला चिमूटभर मक्याचं पीठ हातात घेऊन प्रार्थना करतो. मग हात तेवढा माझा असतो. एकट्याच्या हाताला एवढं येतं का?"

आणि हाच माणूस ट्रकच्या इंजिनाबद्दल अर्धा अर्धा तास बोलतो!

त्याची आणखी एक खोड सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल. दादा खोटं बोलत नाही. नव्या नवरीच्या आईने, म्हणजे त्याच्या सासूने, कौतुकाने विचारलं, "कालवण कसं झालंय?" हा म्हणाला, "खारट." त्यानंतर अकरा दिवस दादा ट्रकमध्ये बसून जेवला. गावात कुठलंही भांडण निघालं की लोक म्हणतात, अर्विनला विचारा. माझी नात नुवा, लेकीची लेक, तिच्या लेखी तर हे शेवटचं कोर्ट. "मामाआजोबा म्हणाला ना? मग झालं तर."

सात वर्षांपूर्वीच्या जूनमधली गोष्ट. नुवा तेव्हा सहा वर्षांची होती. मी टोपल्या विणते; शहरातल्या एका संग्रहालयाची पॉला नावाची बाई टोपल्या बघायला घरी आली. चांगली बाई. बुटांची धूळ झटकून आत आली, वाढलेलं सगळं खाल्लं. मग तिची नजर भिंतीकडे गेली. माझी, माझ्या लेकीच्या, नुवाच्या आधीच्या वर्षांच्या, अशा सगळ्या तिहू ओळीने टांगलेल्या होत्या. ती उठून उभी राहिली ती जागची हलेना.

"बर्निटा, या सगळ्या एकाच हातच्या आहेत ना?"

अभिमान मेला पोटात राहत नाही. पन्नास वर्षं मी गप्प होते, आणि त्या दिवशी एका परक्या बाईपुढे धरण फुटलं. "आमच्या दादाचं काम! एकूण एक त्याने कोरलीय, त्यानेच रंगवलीय. ती मान बघा. अशी मान साऱ्या जगात कुणाला करता येत नाही."

टेबलाखालून एक डोकं बाहेर आलं. नुवा तिथे आपल्या तिहूला मांडीवर घेऊन जोजवत बसली होती. मी साफ विसरले होते.

"मामाआजोबाने केली?" तिने विचारलं.

"जा बघू बाहेर, कोंबड्यांना दाणे टाक," मी म्हणाले. त्याने तर आणखीच बिघडलं.

पॉलाबाईला यातलं काही कळलं नाही. ती बिचारी हरखली होती. या माणसाचं नाव जगाला माहीत नाही म्हणजे काय, म्हणाली. येत्या हिवाळ्यात संग्रहालयाचं एक अख्खं दालनच त्याच्या कामासाठी ठेवायचं तिच्या मनात आलं, दारावर त्याचं नाव. शनिवारी ती पुन्हा येणार होती, त्याला काम करताना बघायला. आमच्या गावात फोटोला बंदी आहे, म्हणून चित्रांची वही घेऊन येईन म्हणाली.

संध्याकाळी दादा झऱ्याखालच्या वाफ्यांत मिरचीला पाणी देत होता. मी घाबरत घाबरत दालनाचं तेवढं सांगितलं. वाटलं, ओरडेल. त्याने एक अख्खा वाफा भरला. मग विचारलं, "नाव दारावर? किती मोठ्या अक्षरांत?"

मी हातांनी दाखवलं. जरा वाढवूनच दाखवलं.

"पोरींच्या भिंतींवरच्या तिहूंना कुणी हात लावायचा नाही," तो म्हणाला. "त्या त्यांच्या आहेत. दालनासाठी मी नव्या करीन." दुसऱ्या दिवशी तो टूबा सिटीच्या बाजारात जाऊन नवा शर्ट घेऊन आला, निळा, मोत्यासारख्या बटणांचा. मला हसू आलं आणि भरूनही आलं. सदुसष्ट वर्षांचा माणूस. पन्नास वर्षं त्याचं काम घराघरांत नांदत होतं आणि त्यावर कुठे त्याचं नाव नव्हतं. एकदा तरी असावं असं वाटलं तर काय चुकलं?

पण इकडे नुवाने आपली तिहू उशीजवळून उचलून खिळ्याला टांगून ठेवली होती, तोंड भिंतीकडे करून. तीन दिवस तिने तिला खाली काढलं नाही. गुरुवारी दादा कॉफीला आला, ओल्गा आत्याही बसली होती. ओल्गा आत्या आमच्या वडिलांची बहीण, तेव्हा शहाऐंशीची. आमच्यात भाच्याची थट्टा, अगदी लग्नावरूनसुद्धा, हा आत्याचा हक्कच. "ये रे माझ्या देखण्या," ती सुरू झाली होती, "त्या इडाने काय दशा केली तुझी. माझ्याशी लग्न केलं असतंस तर असा वाळला असतास का?" तेवढ्यात नुवा येऊन दादासमोर उभी राहिली.

"मामाआजोबा, माझी तिहू तू केलीस?"

दादाने कप खाली ठेवला. "कोण म्हणालं?"

"आजी. त्या बाईला सांगत होती."

दादाने माझ्याकडे बघितलं. त्यापेक्षा ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

"शनिवारी सांगतो," तो नुवाला म्हणाला. "शनिवारी सकाळी इथेच थांब."

पोरगी बाहेर गेली आणि आत्या माझ्यावर घसरली. "हात दाखवून अवलक्षण ते हेच! कुणी विचारलं होतं तुला? तिला कळायला अजून तीन वर्षं आहेत. कळेल तेव्हा रीतीने कळेल, मोठ्यांबरोबर बसून. असं टेबलाखालून नव्हे! पुढच्या महिन्यात पोरगी निरोपाच्या नाचाला चौकात उभी राहील. हातात तिहू पडेल तेव्हा तिला काय दिसेल? कात्सिना? का हा बस ड्रायव्हर?"

मला रडू आलं. "दादा, नाही म्हणून टाक ना. तुझ्या एका शब्दावर तिचा विश्वास आहे."

"म्हणूनच खोटं बोलता येत नाही."

"मग काय हो म्हणणार?"

"हो हेही खोटंच आहे," दादा म्हणाला आणि टोपी उचलून शेतावर गेला.

शनिवारी पॉलाबाई वेळेवर आली, वही, चार पेन्सिली आणि दादासाठी कलिंगड घेऊन. दादा निळ्या शर्टात. आयुष्यात पहिल्यांदा तो कडी न लावता बसला, मधल्या खोलीत, सगळ्यांसमोर. मांडीवर पोतं, पोत्यावर लाकूड. चुलीत घालायच्या ढिगातला गाठाळ तुकडा होता तो.

"काय करणार आहात?" पॉलाबाईने विचारलं.

"माणूस," दादा म्हणाला. "कात्सिना नाही हं, नुसता माणूस. बस चालवणारा."

नुवा त्याच्या गुडघ्याला टेकून बसली. दादाने चाकू उघडला आणि डाव्या हातात घेतला.

तेव्हा मला कळलं. दादा सगळं उजव्या हाताने करतो. मी आत्याकडे बघितलं. आत्या छताकडे बघत होती.

दोन तास चाललं ते. चाकू घसरत होता, ढलप्या उडत होत्या, दादाला घाम फुटला होता. तो घाम खरा होता. डाव्या हाताने लाकूड कापून बघा कधी. पॉलाबाईने सुरुवातीला भराभर रेघा मारल्या, मग सावकाश, मग पेन्सिल वहीवर आडवी ठेवली. दादाचा माणूस तयार झाला तेव्हा त्याचा एक पाय आखूड होता, डोकं बटाट्यासारखं, आणि मानेचा पत्ता नव्हता.

"हे काय?" नुवाने बोट ठेवलं.

"नाक."

"नाक खांद्यावर?"

"गाठ आली मधे," दादा म्हणाला. "लाकूडच वाकडं होतं."

"नाचता येईना अंगण वाकडं!" आत्या ओरडली. "अरे, हा माणूस बस चालवतोय का बसखाली आलाय?" ती अशी हसली की तिला खोकल्याची उबळ आली.

दादाने माणूस जमिनीवर उभा केला. तो पडला. पुन्हा उभा केला, पुन्हा पडला. मग दादा नुवाकडे वळला आणि ट्रकबद्दल बोलतो तशा ठणठणीत आवाजात म्हणाला, "तू विचारलंस ना परवा? बघ. एकट्याच्या हाताला एवढंच येतं."

नुवाने तो माणूस उचलला, उलटासुलटा करून बघितला. मग खुर्ची ओढत नेली, वर चढली, भिंतीवरची आपली तिहू फिरवून तिचं तोंड पुढे केलं. एकदा हिच्याकडे, एकदा त्याच्याकडे. बराच वेळ.

"नाही," ती शेवटी म्हणाली. "ही तुझी नाही."

"नाही, माझी नाही," दादा म्हणाला.

तिने तिहूला काढून छातीशी धरलं आणि खुर्चीवरून उडी मारली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती पोर पोरासारखी हसली. त्या क्षणी मला भाऊ म्हणून हा माणूस मिळाल्याचा असा गर्व वाटला की मी उठून कलिंगड कापायला गेले, नाहीतर सगळ्यांसमोर हुंदका फुटला असता.

पॉलाबाईने कलिंगड खाल्लं, दादाशी हात मिळवला, माझ्या दोन टोपल्या घेतल्या. दारात ती माझ्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाली, "तुमचं तुमच्या भावावर फार प्रेम आहे. मी समजू शकते." मी तोंड उघडलं. मागून दादाने नुसतं खाकरलं. मी तोंड मिटलं. तिच्या लेखी मी थापाडी ठरले आणि दादा कुणीच नाही. तिची गाडी धूळ उडवत गेली.

"मी तिला फोन करते," मी म्हणाले. "पोरीच्या नकळत सगळं सांगते."

"आणि ती दारावर नाव लावील. मोठ्या अक्षरांत," दादा म्हणाला. "शाळेची सहल जाते त्या संग्रहालयात. मीच न्यायचो बसमधून. नुवा आता अक्षरं गिरवतेय, पुढच्या वर्षी तिला वाचता येईल." मग तो बटणं सोडू लागला. "हा शर्ट इडाच्या भावाला देऊन टाक. गळ्याशी घट्ट होतोय."

शर्ट घट्ट नव्हता. त्याला लागलं होतं, मी ओळखते ना त्याला. पुढे महिनाभर गावातल्या पुरुषांनी त्याला सोडलं नाही. "अर्विन, माझ्या खुर्चीला एक पाय करून दे की. आखूड झाला तरी चालेल!" नुवा जवळपास असली की मुद्दाम मोठ्याने. दादाही मान खाली घालून हसून घ्यायचा. ज्याने आपल्या कणसांबद्दल कुणाचा शब्द ऐकून घेतला नाही, त्याने हे ऐकून घेतलं, रोज.

मागच्या खोलीची कडी चार आठवडे आतून लागलेली होती.

निरोपाच्या नाचाच्या दिवशी उजाडता उजाडता कात्सिना चौकात आले, हातात पहिल्या मक्याची हिरवी ताटं. लव्हाळ्याला बांधलेली तिहू नुवाच्या हातात पडली तेव्हा मी गच्चीवरच्या बायकांत होते. इतक्या वर्षांत मी पुष्कळ बघितल्या, पण तशी पुन्हा बघितली नाही. डोक्यावर पायरीपायरीची उंच फळी, तिच्यावर ढग, कमरेशी पावसाच्या रेघा. आणि मान. सगळ्या गावाचं ऐकून घेतेय अशी ती मान. कुणी काही म्हटलं नाही. ओल्गा आत्याने माझा हात दाबला, तो नाच संपेपर्यंत सोडला नाही.

नुवा गर्दीतून पळत दादाकडे आली. तो भिंतीला टेकून उभा होता, जुन्या शर्टात.

"बघ, मामाआजोबा! मान बघ. असं करायचं असतं!"

दादा खाली वाकला, डोळे बारीक करून त्याने बघितलं. "हो गं. मला एकट्याला जन्मात नाही जमायचं."

"रडू नकोस," नुवा म्हणाली, कारण त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. "तुझा माणूस पण बरा आहे. मी ठेवलाय."

ठेवला होता खरा. घरी येऊन तिने नवी तिहू भिंतीवर टांगली आणि तिच्या शेजारी तो बसवाला, गळ्यात दोरा बांधून. पण कात्सिनांनी दिलेल्या आणि याची सरमिसळ होऊ नये, म्हणून चुलीतला कोळसा घेऊन त्याच्या अंगावर मामाआजोबाचं नाव लिहिलं. अर्विन. एक अक्षर उलटं आलं. दुसऱ्या दिवशी दादा कॉफीला आला, भिंतीसमोर थांबला. बटाट्याएवढ्या त्या डोक्यापासून आखूड पायापर्यंत नाव पसरलं होतं.

"बरीच मोठी अक्षरं आहेत की," तो म्हणाला, आणि त्या दिवशी त्याने दोन कप कॉफी घेतली.

चार वर्षांपूर्वी नुवाला जे कळायचं ते रीतीने कळलं. त्याबद्दल मी लिहिणार नाही. तीही कुणाशी काही बोलली नाही. बसवाला भिंतीवरून खाली उतरला नाही एवढंच.

या वसंतात ती तेरा वर्षांची झाली आणि पिकी करायला बसली. निळ्या मक्याचं पातळ पीठ उघड्या हाताने तापल्या दगडावर फिरवायचं, कागदासारखा पदर सुटला पाहिजे. तिची पहिली पिकी कातड्यासारखी जाड झाली, कडा जळल्या, बोटं भाजली ती वेगळीच. तरी तिने ती गुंडाळून ताटलीत घेतली आणि सगळ्यांत आधी दादापुढे नेऊन ठेवली. दादा आता चौऱ्याहत्तरचा आहे. त्याने तुकडा मोडला आणि चावत राहिला. खारट कालवणाची गोष्ट घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

"कशी झालीय?"

"जाड आहे. जळलीय," दादा म्हणाला. "एकटीनेच केलीस ना?"

"हो."

"मग बरोबर आहे. एकट्याच्या हाताला एवढंच येतं."

नुवाने भिंतीवरच्या बसवाल्याकडे बघितलं. मग दादाकडे. "मामाआजोबा, त्या शनिवारी तू चाकू डाव्या हातात धरला होतास."

दादाचं चावणं थांबलं.

ती त्याच्याजवळ सरकली, त्याचा उजवा हात उचलून मांडीवर घेतला. चाकूच्या वणांचा, नखांच्या कडांत पिवळी माती मुरलेला तो हात. भाजलेल्या बोटांनी तिने तो उघडला आणि उरलेली पिकी त्यात ठेवली.

"या हाताने खा," ती म्हणाली.

दादाने खाल्ली. जळक्या कडांसकट सगळी संपवली.